गोल वाफ्यातील सात पानांची फूट

सुतळीमामा. जन्म १९४८, मृत्यू २०२१. त्यांचे पूर्ण नाव तीन शब्दांचे होते. ते कॉलेजच्या पगारपत्रकावर, घराच्या भाडेकरारावर आणि अखेर मृत्यूच्या दाखल्यावर, अशा तीनच ठिकाणी लिहिले गेले. एरवी, उद्यानविद्या विभागातील सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना प्राचार्यांपासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वजण सुतळीमामाच म्हणत. शर्टाच्या डाव्या खिशात सुतळीचा गुंडा नेहमी असे. रोपांच्या चिठ्ठ्या, हरितगृहाची मोडकी कडी, स्वतःच्या चष्म्याची दांडी, सगळे काही ते सुतळीने बांधीत, आणि त्यांनी बांधलेले सहसा सुटत नसे. मनात बांधलेलेही सुटत नसे; पण हे फार थोड्यांना ठाऊक होते.

पदाने ते क्षेत्र सहायक होते. शिकवणे हे त्यांचे काम नव्हे, असे नियमावलीत स्पष्ट लिहिलेले होते. प्रत्यक्षात त्या विभागात जे हाताने शिकण्याजोगे होते, ते त्यांच्याकडूनच शिकले जाई. सोमवारी डोळे भरण्याचा, म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्याच्या खुंटावर बसवण्याचा, सराव, बुधवारी हरितगृहाची पाळी, शुक्रवारी बिया गोळा करण्याची फेरी, वर्षातून एकदा रोपांची विक्री आणि एकदा वनस्पती ओळखण्याची आंतरकॉलेज स्पर्धा. स्पर्धेत लांबलचक टेबलावर शंभर डहाळ्या क्रमांक लावून मांडलेल्या असत आणि प्रत्येक डहाळीपुढे मोजून वीस सेकंद थांबता येई. मामांनी तयार केलेल्या संघाने विजेत्यांची ढाल सहा वेळा आणली. ढालीसोबतच्या छायाचित्रांत मामा एकदाही नाहीत. छायाचित्र काढताना डहाळ्यांच्या बादल्या कोणीतरी सांभाळायला हव्या असत.

नव्या तुकडीला त्यांचा पहिला धडा एकच असे. विद्यार्थी वह्या उघडून उभे राहिले की ते म्हणत, "आधी बसा. उकिडवे बसा. उभ्यानं झाडाची टोपी दिसते, चेहरा दिसत नाही." मग गुलाबाच्या बुंध्याशी बोट ठेवून सांधा दाखवीत. "खालचा खुंट रानगुलाबाचा, वरचा डोळा आपल्या जातीचा. सांध्याच्या खालून जी फूट येते ती खुंटाची. तिच्या देठाला सात पानं असतात, आपल्या जातीला पाच. ती दिसली की कापायची नाही, मुळाशी धरून ओढून काढायची. कापली तर एकीच्या चार होतात आणि वर्षभरात वरच्याला उपाशी मारतात."

विभागप्रमुखांना विद्यार्थी 'इस्त्री' म्हणत. त्यांच्या पॅन्टची घडी सकाळी जशी असे तशीच संध्याकाळी असे. वाफ्याच्या कडेला उभे राहून, हात पाठीमागे बांधून, ते मान किंचित कलती करीत. गुडघे मात्र वाकवीत नसत. "इस्त्रीसाहेब एकदा बसले होते म्हणे," असे मुले म्हणत, "पण ते जन्मल्यावर, आणि तेही आईच्या मांडीवर." मामा अशा विनोदांना हसत नसत. वरिष्ठ तो वरिष्ठ, अशी त्यांची समजूत होती. ती १९९६ सालापर्यंत टिकली.

ज्या प्रकरणाने ती मोडली, त्याची सुरुवात सहा वर्षे आधी झाली. रोपवाटिकेतील एका जुन्या गुलाबी गुलाबाच्या एकाच फांदीने वेगळेच फूल दिले. आतून तांब्याच्या रंगाचे, पाकळीची पाठ सायीसारखी. झाडाची एखादी फांदी कधीमधी असा स्वभाव बदलते आणि बहुधा पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या वळणावर जाते. मामांनी त्या फांदीचे डोळे काढून नव्या खुंटांवर भरले. पहिल्या वर्षी अकरांपैकी चार टिकले. चारांपैकी दोन पुन्हा गुलाबी झाले. मामांनी हट्ट सोडला नाही. पाच वर्षे ते डोळे निवडीत राहिले आणि प्रत्येक फुलाचा दिवस, रंग, पाकळ्यांची संख्या एका निळ्या वहीत नोंदवीत राहिले. पाचव्या वर्षी सात झाडांवर एकसारखे तांब्याचे फूल आले, तेव्हा त्यांनी वही इस्त्रीसाहेबांपुढे ठेवली.

"अरे वा," साहेब म्हणाले. "दोन दिवस ठेवतो. तपासून देतो."

पुढच्या पुष्पप्रदर्शनात ती सात झाडे कार्यालयासमोरच्या गोल वाफ्यात होती आणि वाफ्यापुढे पितळी पाटी होती. पाटीवर नव्या जातीचे नाव म्हणून साहेबांचे आडनाव, आणि खाली 'शोध व विकास' म्हणून त्यांचे संपूर्ण नाव, पदव्यांसह. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती: 'पाणी घालण्याच्या कामी सहकार्य केल्याबद्दल विभागातील कर्मचाऱ्यांचे आभार.' समारंभात पाहुण्यांना फूल जवळून दिसावे म्हणून साहेबांनी मामांना व्यासपीठावर बोलावले आणि एक कुंडी धरून उभे राहायला सांगितले. भाषण अठरा मिनिटे चालले. मामा अठरा मिनिटे कुंडी धरून उभे होते.

घरी, सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, मामींनी ती पुस्तिका चष्मा लावून दोनदा वाचली.

"पाणी घालण्याच्या कामी," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मूग गिळून उभे राहिलात?"

"कुंडी पडली असती."

"पडू द्यायची होती त्याच्या पायावर!"

"झाडाचा काय दोष?" मामा म्हणाले. पण त्या दिवसापासून ते साहेबांच्या खोलीत जाताना दारावर टकटक करीनासे झाले; दार उघडे असेल तरच जात. निळी वही त्यांनी तीन वेळा मागितली. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, "कसली वही?" मामांनी मान डोलावली आणि बाहेर आले. माणूस चिडला तर दिसतो. मामा चिडले नव्हते. त्यांनी डूख धरला होता, आणि तो वरून दिसत नसतो.

संधी साहेबांनीच दिली. आपल्या जातीचे डोळे कोणी पळवू नयेत, ही चिंता त्यांना लागली होती. चोरलेल्या वस्तूची राखण माणूस जरा जास्तच करतो. त्यांनी लेखी आदेश काढला: 'गोल वाफ्यातील झाडांना निम्नस्वाक्षरीकाराच्या परवानगीशिवाय कोणीही हात लावू नये. छाटणी, खत व निगा निम्नस्वाक्षरीकार स्वतः पाहतील.' मामांनी त्यावर पोच म्हणून सही केली, आपली प्रत मागून घेतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी सुतळीने बांधली आणि ती वरच्या खिशात ठेवली. पुढची दोन वर्षे ती तिथेच होती.

उन्हाळ्यात सातपैकी चार झाडांच्या बुंध्याशी, सांध्याच्या खालून, फिकट हिरवे कोंब निघाले. सात पानांचे. मामांना ते पहिल्याच दिवशी दिसले. सवयीने त्यांचा हात पुढे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी खिशातली पिशवी चाचपली. मग ते उठले आणि रोपवाटिकेकडे निघून गेले. आयुष्यात प्रथमच त्यांनी खुंटाची फूट जागच्या जागी सोडली होती. त्या दिवशी ते जेवताना दोनदा हसले, तेव्हा मामींनी विचारले, "काय झालं?"

"साहेबांचा आदेश पाळतोय," मामा म्हणाले.

रानगुलाबाला भरपूर खत मिळाले. साहेब हात सैल सोडून खत टाकायला लावीत. पहिल्या वर्षी रानगुलाबाची नवी काठी फूल देत नाही, नुसती वाढते. ती कमरेएवढी, मग खांद्याएवढी वाढली. छाटणीच्या वेळी साहेबांनी लांब दांड्याची कात्री मागवली आणि उभ्यानेच छाटणी केली. रोगट, बारीक फांद्या कापल्या. जोमदार काठ्या ठेवल्या. कापल्या गेलेल्या प्रत्येक फांदीला पाच पाने होती. मामा सहा पावलांवर झाडू घेऊन उभे होते. एकेक फांदी खाली पडत होती, आणि मामांची पाच वर्षे त्यांच्याच झाडूने गोळा होत होती. दुखले, नाही असे नाही. पण त्या दुखण्याखाली एक गारवा होता, आणि तो त्यांना हवासा वाटत होता.

"बघा," साहेब म्हणाले, "माझ्या हाताखाली आल्यापासून कसा जोम धरलाय."

"जोम आहे खरा, साहेब," मामा म्हणाले.

याच सुमारास दुसऱ्या वर्षाच्या तुकडीत एक मुलगी होती. तिला सर्वजण प्रश्नावली म्हणत. शिंपी बापाची ही लेक एका तासात इतके प्रश्न विचारी की प्राध्यापक घड्याळाकडे पाहू लागत. मामांना ती फार आवडे. ती खरोखर उकिडवी बसे. स्पर्धेच्या संघात ती होती, आणि शेवटच्या परीक्षेत पहिली आली तर एका मोठ्या वनस्पती उद्यानातली वर्षभराची शिकाऊ जागा तिला मिळणार होती. कॉलेजला अशी जागा वर्षाला एकच मिळे.

एका सोमवारी तुकडी गोल वाफ्यासमोरून हरितगृहाकडे चालली होती. प्रश्नावली मध्येच थांबली, खाली बसली, आणि तिने बुंध्याशी बोट नेले.

"मामा! ही सांध्याच्या खालची ना? सात पानं आहेत. ओढू?"

कार्यालयाच्या पायरीवर साहेब उभे होते. बारा विद्यार्थी मामांकडे पाहत होते. 'हो' म्हणावे तर फूट निघणार, झाडे वाचणार, आणि पाटी जन्मभर तिथेच राहणार. मामांनी साहेबांकडे पाहिले, मग मुलीकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "ही जातच तशी आहे. हिला सात पानं येतात."

"पण तुम्ही तर—"

"नवीन जात आहे. लिहून घे."

तिने लिहून घेतले. मामांनी सांगितलेले ती पडताळून पाहत नसे. बाकी सगळ्यांचे पाहत असे.

पायरीवरून साहेबांनी समाधानाने मान हलवली. आपल्या जातीचा आणखी एक विशेष त्यांना त्या दिवशी कळला, आणि जातीच्या नोंदणीच्या अर्जात त्यांनी तो स्वतःच्या अक्षरात भरला: 'पर्णदले सात.'

१९९८ च्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. वय साठीच्या घरात, पायात कापडी बूट, हातात स्वतःचे भिंग. नव्या जातींची नोंदणी करणाऱ्या समितीवरही त्या होत्या; परीक्षा आणि पाहणी एकाच फेरीत व्हावी म्हणून साहेबांनी मुद्दाम त्यांनाच बोलावून घेतले होते. गोल वाफा धुऊन काढला होता, पितळी पाटी घासली होती. काठ्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या आणि त्यांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्यांचे घोस धरले होते. साहेब सांगत होते, "या जातीला एका घोसात पन्नास फुलं लागतील, बाई."

बाईंनी शेवटचा दहा गुणांचा प्रश्न तिथेच घ्यायचे ठरवले. परीक्षा क्रमांक एकतीस पुढे आली. ती प्रश्नावली होती.

"या काठीबद्दल सांग."

"ही आपल्या विभागाची नवी जात आहे. हिचं वैशिष्ट्य म्हणजे देठाला सात पानं येतात."

बाईंनी भुवया वर केल्या. "सांधा पाहिलास?"

प्रश्नावली खाली बसली. तिने सांधा पाहिला, काठी कुठून निघाली ते पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. "सांध्याच्या खालून आलीय," ती हळू म्हणाली. "पण ही जातच..."

बाई स्वतः खाली बसल्या. त्यांनी सातही झाडांचे बुंधे पाहिले, एकेकाला भिंग लावले. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पितळी पाटी वाचली आणि साहेबांकडे वळल्या.

"सर, तुमच्या जातीत दोष एकच आहे. ती इथं नाही."

"म्हणजे?"

"चार झाडं निव्वळ रानगुलाब आहेत. दोन वाळलीत. एकाला जीव आहे, तोही नावापुरता. तुम्ही दोन वर्षं खुंट वाढवलात. आणि अर्जात पर्णदले सात लिहिलंत, तेव्हा मला वाटलं टंकलेखनाची चूक असेल."

पहिल्या वर्षाचा कोणीतरी फिस्सकन हसला. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मामा सहा पावलांवर, आपल्या नेहमीच्या जागी, झाडू घेऊन उभे होते. हा क्षण त्यांनी मनात शंभर वेळा पाहिला होता. प्रत्यक्षात तो त्याहून सरस होता.

बाई मुलीला म्हणाल्या, "सात पानांचं तुला कुणी सांगितलं?"

प्रश्नावलीने मामांकडे पाहिले. ती ओठ मिटून वाट पाहत राहिली. मामांनी झाडूवरची पकड बदलली.

"कुठंतरी ऐकलं होतं," ती शेवटी म्हणाली.

बाईंनी तक्त्यावर शून्य लिहिले.

तेवढ्यात साहेबांना वाचा फुटली. "हे सगळं या माणसाचं काम आहे! निगा याच्याकडे होती. दोन वर्षं झोपा काढल्या यानं!"

आता मामा पुढे आले. त्यांनी वरच्या खिशातून पिशवी काढली, सुतळीची गाठ दातांनी न तोडता बोटांनी सोडवली, कागद उलगडला आणि वाचला, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा: "'कोणीही हात लावू नये. छाटणी, खत व निगा निम्नस्वाक्षरीकार स्वतः पाहतील.' खाली सही साहेबांची आहे, बाई. पोच माझी आहे. मी पाणी घालण्याच्या कामी सहकार्य केलं."

पाहणीसाठी आलेल्या प्राचार्यांनी तो कागद मागून घेतला.

त्या दुपारी अवजारांच्या खोलीत, टोपल्या आणि खुरप्यांच्या मध्ये, प्रश्नावली मामांसमोर उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का सांगितलंत तसं?"

"साहेब पायरीवर उभे होते."

"ते तेव्हा. आज तुमच्यासाठी कागद निघाला खिशातून. माझ्यासाठी एक शब्द नाही निघाला?"

मामा खुरपे पुसत राहिले. बाईंसमोर 'मीच खोटे शिकवले' असे म्हटले असते, तर मुलीचे दहा गुण परत आले असते, आणि आपण जाणूनबुजून गप्प राहिलो हे साहेबांच्या हाती सापडले असते. दोन वर्षे राखलेला सूड एका वाक्यात पातळ झाला असता. हे त्यांनी वाफ्यापाशीच तोलून पाहिले होते. त्यांचे पारडे कुठे झुकले, हे त्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

"माझ्याकडून तुम्ही प्रश्न फार ऐकलेत," ती म्हणाली. "आता नाही विचारणार." आणि गेली. शिकाऊ जागा तिची चार गुणांनी हुकली.

संध्याकाळी मामींनी सारे ऐकले आणि टाळी वाजवली. "चांगलं नाक कापलंत त्याचं!" मग चहा गाळता गाळता त्या थांबल्या. "आणि ती पोर?"

मामा हात धूत होते. ते बराच वेळ हात धूत राहिले.

पितळी पाटी आठवडाभरात निघाली. चार स्क्रू मामांनीच काढले आणि पाटी स्वच्छ पुसून प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. नोंदणीचा अर्ज फेटाळला गेला. इस्त्रीसाहेबांनी स्वतःहून बदली मागून घेतली. जाताना त्यांच्या कपाटात निळी वही सापडली. ती शिपायाने मामांना आणून दिली. मामांनी साहेबांना निरोप दिला नाही. फाटकापर्यंत त्यांचे खोके मात्र वाहून नेले, आणि ते ठेवताना म्हणाले, "उचलायला वाकावं लागेल, साहेब."

सातव्या झाडाच्या सांध्यावर एकच जिवंत डोळा उरला होता. मामांनी तो वाढवला आणि त्यापासून तीन रोपे केली. दोन कॉलेजात लावली. तिसरे सुतळीने नीट बांधून प्रश्नावलीच्या पत्त्यावर पाठवले. सोबत चिठ्ठी नव्हती. लिहायला तीन वेळा बसले होते. प्रत्येक वेळी 'चि.' च्या पुढे गाडी सरकली नाही. पोच आली नाही. २००८ मध्ये मामा निवृत्त झाले. दोन वर्षांनी गोल वाफ्याच्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या आणि कॉलेजातील दोन्ही झाडे गेली. आपला गुलाब संपला, असे मामा धरून चालले.

२०१८ मध्ये दवाखान्यातून परतताना त्यांना एका दुकानाबाहेर कुंड्यांच्या रांगेत तांब्याच्या रंगाचे फूल दिसले. पाठ सायीसारखी. चिठ्ठीवर एका रोपवाटिकेचा पत्ता होता. सत्तर वर्षांचे मामा दोन बस बदलून तिथे पोहोचले. लांब शेडमध्ये तांब्याच्या फुलांच्या चाळीस रांगा होत्या, आणि शेवटच्या रांगेत केस पिकू लागलेली प्रश्नावली उकिडवी बसून सांधे तपासत होती. तिने त्यांना ओळखले. पण उठली नाही.

"आधी बसा, मामा. मग बोला."

मामांचे गुडघे आता वाकत नसत. खांबाला धरून, दोनदा थांबून, ते बसले.

"नाव काय ठेवलंस याचं?"

"एकतीस."

"एकतीस काय?"

"माझा परीक्षेचा क्रमांक."

मामांनी फुलाची पाकळी उलटी करून पाहिली. वीस वर्षांत रंग तसूभरही हलला नव्हता. "नोंदणी केलीस?"

"केली. झाली मंजूर."

"शोधक म्हणून कुणाचं नाव घातलंस?"

"कुणाचंच नाही. तो रकाना कोरा आहे. माझं घातलं असतं तर मी इस्त्री झाले असते."

"आणि माझं?"

तिने बुंध्याशी आलेली एक सात पानांची फूट मुळाशी धरून ओढून काढली आणि टोपलीत टाकली. "तुमचं घालायला मी आजही तयार आहे, पण एका अटीवर. साहेबांच्या कपाटातली वही मिळाली म्हणे तुम्हाला. ती घेऊन कॉलेजात जा. त्या दिवशी काय झालं ते लिहून द्या, तुमच्या सहीनं. माझे दहा गुण मिळणार नाहीत, मला माहितीय. पण कागद राहील. तुम्हाला कागदाची किंमत कळते."

मामा खांबाला धरून उठू लागले. उठताना तिनेच हात दिला. निघताना तिने एक कुंडी त्यांच्या हातात ठेवली; त्यांनी पैसे पुढे केले, ते तिने घेतले, आणि पावतीवर 'एकतीस, नग एक' असे लिहिले.

ती कुंडी मामांच्या खिडकीत तीन वर्षे होती. बुंध्याशी फूट दिसली की ते स्टुलावर बसून ती ओढून काढीत. त्यांच्या पश्चात मामींना निळ्या वहीत एक अर्ज सापडला. तो कॉलेजच्या परीक्षा विभागाला उद्देशून होता. दिनांक, विषय, संदर्भ, सर्व यथास्थित. मजकूर पुढीलप्रमाणे: 'परीक्षा क्रमांक एकतीस हिने दिलेले उत्तर मी शिकवलेले होते. ते खोटे आहे हे शिकवताना मला ठाऊक होते.' खाली सहीसाठी रेघ आखलेली होती. सही नव्हती.

मामी तो अर्ज घेऊन रोपवाटिकेत गेल्या. प्रश्नावलीने तो दोनदा वाचला, पाठपोट पाहिला, घडी घालून परत दिला.

"सही नाही, मामी," ती म्हणाली.

'एकतीस' आजही विकला जातो. नोंदणीतला शोधकाचा रकाना कोराच आहे.